विमानाचे किलोमीटर वेगळे, गाडीचे वेगळे! तिकीट काढण्याआधी हे समजून घ्या

नांदेडहून मुंबई गाडीनं पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढं जाते. विमानाला तेच अंतर साधारण ४७० किलोमीटर पडतं. कोल्हापूर-मुंबई रस्त्यानं पावणेचारशे, हवेतून ३१० च्या आसपास. सगळ्यात जास्त फरक कोकणात दिसतो. सिंधुदुर्गातल्या चिपीहून मुंबई सरळ रेषेत जेमतेम ३५० किलोमीटर, पण घाट-वळणांचा रस्ता ५०० च्या घरात जातो.

विमानाचं अंतर दोन विमानतळांमधल्या सरळ रेषेनं धरतात. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे अंतर घरबसल्या मोजता येतं. मोबाईलवर गुगल मॅप उघडा, एका विमानतळावर बोट दाबून धरा, 'अंतर मोजा' निवडा आणि नकाशा दुसऱ्या विमानतळापर्यंत सरकवा.

आता हे मोजून करायचं काय? तर 'उडान' योजनेत भाड्याची मर्यादा अंतरावर ठरते. २०१६ साली योजना आली तेव्हा तासाभराच्या, म्हणजे ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये ठरले होते. पुढं महागाईप्रमाणं ही मर्यादा बदलत गेली. एप्रिल २०१७ मध्ये जी पहिली विमानं उडाली त्यात नांदेड-हैदराबादही होतं. मात्र मेख अशी, की स्वस्त भाडं विमानातल्या ठरावीक जागांनाच. त्या संपल्या की बाजारभाव. शिवाय कंपनीला तोट्यापोटी मिळणारी सरकारी मदत एका मार्गावर तीनच वर्षं. त्यानंतर प्रवासी नसतील तर विमान बंद पडतं, आणि गावाकडं बोंब होते की 'आमचं विमान पळवलं'.

अंतर कमी म्हणून वेळही तेवढाच वाचतो असं नाही. छोटं एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं, पण चढण्या-उतरण्यात वेळ जातो. मुंबईत गर्दी असली तर वर घिरट्या घालाव्या लागतात. त्यात गावाहून विमानतळ दीड तास, तिथं दीड तास आधी पोचणं, उतरल्यावर बॅग आणि टॅक्सी. नांदेड-मुंबईला घरापासून घरापर्यंत सहा तास धरा. रेल्वेला रात्र जाते, तेव्हा इथं विमान परवडतं. पेशंटला मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं असेल तर नक्कीच. नांदेड-हैदराबाद हवेतून अडीचशेच्या आत आहे. तिथं घरची गाडी असेल तर वाचतो तो तास-दीड तासच.