खात्री आणि ज्ञान

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावडयात्रा असते. गांधीग्राम येथे पूर्णेचे पाणी भरून कावडी जुन्या शहरातील राजराजेश्वराच्या मंदिरात येतात. १९४० च्या दशकात एका वर्षी पावसाने दडी मारली, तेव्हा असा अभिषेक झाला आणि पाऊस आला, असे सांगतात. यावर वर्गात एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, कावडीमुळे पाऊस आला का? मग देव आहे का?" शिक्षकांनी काय सांगावे?

हे प्रश्न दोन आहेत. आधी ते वेगळे करू.

पहिला पावसाचा. मोसमी पावसात जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडतात. कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतात पाऊस ओढ देतो. पट्टा खाली आला की तो परततो. माणसे देवाला साकडे घालतात ती उघडीप लांबल्यावर. त्यानंतर पाऊस येणे पुष्कळदा साहजिकच असते. तपासायचे तर फळ्यावर चार घरे आखू: साकडे घातले, पाऊस आला, घातले, आला नाही, घातले नाही, तरी आला, घातले नाही, आलाही नाही. लोकांच्या आठवणीत पहिलेच घर राहते. चारही घरांतील नोंदी पडताळल्याशिवाय 'कावडीमुळे' हे ज्ञान ठरत नाही, मग सांगणाऱ्याची खात्री कितीही पक्की असो. खात्री ही मनाची अवस्था आहे. ज्ञानाला पुरावा लागतो.

दुसरा प्रश्न देवाचा. पावसाचा दावा टिकला नाही, एवढ्यावरून देव नाही असे सिद्ध होत नाही. १८७५ साली अकोल्यातून मॅट्रिक झालेले गोपाळ गणेश आगरकर या बाबतीत अज्ञेयवादी होते. या भूमिकेला इंग्रजीत नाव दिले ते हक्सले यांनी, १८६९ मध्ये. जिथे पुरावा नाही तिथे खात्री सांगू नये, हा तिचा गाभा. नास्तिकालाही अशा खात्रीची गरज नसते. "पुरावा पटत नाही, म्हणून मानत नाही," एवढे म्हणणे पुरते. "देव नाहीच, हे मला ठाऊक आहे," असे कोणी म्हटले तर त्यालाही आपण "कशावरून?" असे विचारले पाहिजे.

विज्ञान तरी कुठे शंभर टक्के खात्री देते? बुधाच्या कक्षेतील बारीकसा फरक न्यूटनच्या नियमाने उलगडेना. १९१५ मध्ये आइन्स्टाइनने तो उलगडला. न्यूटनचे गणित त्यामुळे निरुपयोगी झाले नाही, त्याची मर्यादा कळली. दुरुस्तीला जागा असणे हेच ज्ञानाचे बळ.

वर्गात कावड वाहणाऱ्याचे मूलही बसलेले असते. त्याच्या घरच्या श्रद्धेची थट्टा नको, आणि "असे विचारू नये" म्हणून त्याचा प्रश्न दडपणेही नको. वहीत तीन रकाने आखून द्यावेत: माझे म्हणणे काय? ते कशावरून? काय दिसले तर मी मत बदलेन? शिक्षकांनीही आपली वही याच रीतीने भरावी.