श्वासनळीतला राखणदार

पोरांनो, आपल्या जालन्याचं नाव देशभर गेलं ते बियाण्यांमुळे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे संकरित बियाण्यांचं काम गावोगाव पोचलं. क्रॉसिंगच्या दिवसांत बाया संध्याकाळी कपाशीच्या कळीतले पुंकेसर काढून टाकतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग हाताने लावतात. कपाशीचा परागकण काटेरी, चिकट आणि जड. वारा त्याला उचलत नाही. त्याला माशीनं न्यावं, नाहीतर माणसानं.

बांधावरच्या गाजर गवताचं तसं नाही. अमेरिका खंडातून आलेल्या या गवताची आपल्याकडे पुण्यात नोंद झाली, ती 1950 नंतरच्या दशकात. आज एकही पांदण त्याच्यावाचून नाही. त्याचे पराग हवेवर तरंगतात आणि श्वासाबरोबर आत शिरतात. तिथं ओल लागली की त्यांतली प्रथिनं विरघळून बाहेर येतात. बहुतेकांना त्याचं काहीच होत नाही. एखाद्या लेकराची छाती मात्र घरघरायला लागते. का बरं? ती गोष्ट ऐका.

ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर गोफण घेऊन राखणदार बसतो ना, तसे आपल्या श्वासनळ्यांच्या अस्तरात मास्ट पेशी नावाचे राखणदार बसलेले असतात. शत्रू ओळखायला त्यांच्या अंगावर एक प्रथिन चिकटलेलं असतं, इम्युनोग्लोब्युलिन-ई. डॉक्टर त्याला आयजीई म्हणतात. शत्रू ओळखणाऱ्या अशा प्रथिनांना प्रतिपिंडं म्हणतात; रक्तातल्या सगळ्या प्रतिपिंडांत हे सर्वांत कमी, पण ताकद मोठी. शरीराला त्याचा खरा उपयोग जंतांसारख्या परजीवींशी लढताना होतो, असं शास्त्रज्ञ मानतात.

आता गफलत कुठे होते ते पाहा. श्वासनळीतली डेंड्रायटिक पेशी परागाचं प्रथिन उचलते आणि जवळच्या लसिका गाठीत नेऊन टी पेशीला दाखवते. निरुपद्रवी म्हणून ते सोडून द्यायला हवं. पण काहींच्या शरीरात टी पेशी त्यालाच वैरी ठरवते. मग ती इंटरल्युकिन-4 आणि 13 ही निरोपाची प्रथिनं सोडते. निरोप पोचला की बी पेशी त्या परागासाठी खास आयजीई बनवू लागतात आणि ते मास्ट पेशींवर जाऊन बसतं. इथवर लेकराला काही कळतही नाही.

पुढच्या वेळी तेच पराग आले, की पाचोळ्याला पाखरू समजून राखणदार गोफण फिरवतो. काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्रायीन बाहेर पडतात. नळीभोवतीचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ साठतो. काही तासांनी दुसरी लाट येते. इंटरल्युकिन-5 च्या हाकेवर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात आणि आपल्या जहाल प्रथिनांनी नळीचं अस्तरच सोलतात. म्हणून दिवसा शेतात गेलेल्या पोराला धाप लागते ती कधी कधी मध्यरात्री. हाच ॲलर्जीचा दमा.

हे आयजीई सापडलं कसं, तीही मोठी कहाणी आहे. 1921 साली ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना मासे सोसत नव्हते. त्यांच्या रक्तातला द्रव त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी तिथंच माशाचा अर्क टोचला, तर गांध उठली! म्हणजे ॲलर्जी रक्तातूनच वाहत होती. पण ती वाहणारी वस्तू कोणती, हे कळायला पुढे पंचेचाळीस वर्षं लागली. 1966 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्यानं ती शोधली. रॅगवीडची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या रक्तात ती सापडली, आणि रॅगवीड म्हणजे आपल्या गाजर गवताचंच भाऊबंद. त्याच सुमारास स्वीडनमधल्या योहान्सन आणि बेनिक यांनाही तेच प्रथिन गवसलं. 1968 मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं.

या शोधानं एक शहर वाचवलं. स्पेनमधल्या बार्सिलोनात 1981 ते 1987 या काळात अधूनमधून एकाच दिवशी कितीतरी माणसं दम्यानं बेजार होऊन दवाखान्यात येत. कारण कुणाला सापडेना. अखेर उमगलं, की त्या त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरत होतं. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धचं आयजीई सापडलं. धान्याच्या कोठारांना धूळ अडवणारी गाळणी बसवली आणि ती साथ थांबली.

सोयाबीन तर आपलंही पीक. म्हणून मळणीयंत्र चालू असताना धुराळ्याच्या तोंडी उभं राहू नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबा, नाकातोंडाला दस्ती बांधा. गाजर गवत फुलायच्या आधीच मुळासकट उपटा, आणि उपटताना हातमोजे घाला.

आणखी एक सांगतो, ते घरीही सांगा. सवय लागते म्हणून लेकराचा दम्याच्या औषधाचा पंप लपवून ठेवणारी घरं अजून आहेत. मुलीचं लग्न जमणार नाही म्हणून दम्याचं नावच न काढणारीही आहेत. दमा हा अंगाचा दुबळेपणा नाही. हे शरीर राखायला बसलं आहे, फक्त त्याचा अंदाज चुकला आहे. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप टी पेशींची आणि इओसिनोफिलची ही धावपळ शांत करतो, आणि त्यातलं औषध अगदी थोडं, थेट नळीत जातं. अचानक धाप लागली तर घ्यायचा पंप वेगळा. तो आवळलेले स्नायू सैल करतो. आयजीईलाच पकडून ठेवणारं ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शनही 2003 पासून आहे. ते महाग आहे, पण फार त्रास असलेल्यांना त्याचा आधार होतो. तुमच्या वर्गात कुणाकडे पंप असेल तर त्याला हसू नका. त्याला खेळायला बोलवा, आणि पंप दप्तरात आहे ना, एवढं विचारून घ्या.