रक्तात आणि कातडीत मेंदूचा माग

१९०६ साली जर्मनीत दोन गोष्टी घडल्या. बर्लिनमध्ये ऑगस्ट वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिफिलिस ओळखणारी रक्ततपासणी मांडली. नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत आलोइस अल्झायमर यांनी आपल्या एका दिवंगत रुग्ण बाईंच्या मेंदूचे काप दाखवले. स्वतःचं नाव लिहिता लिहिता विसरणाऱ्या त्या बाईंचा आजार कळला तो मेंदू बाहेर काढल्यावर.

मनोरुग्णालयांत तेव्हा भ्रमिष्ट होत, लुळे पडत मरणारे रुग्ण पुष्कळ असत. सिफिलिसचा संशय होताच. वासरमान चाचणीने रक्तातून दुजोरा दिला आणि १९१३ साली हिदेयो नोगुची यांनी अशा मृतांच्या मेंदूत तो जंतूच दाखवला. चाचणी खरं तर जंतूविरुद्धची नव्हे, एका स्निग्ध पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्यं पकडत होती. त्यामुळे हिवतापाच्या रोग्यावरही कधी ठपका यायचा. तरी तिचं मोल मला मोठं वाटतं. पेनिसिलिन आलं, तेव्हा ते कुणाला द्यायचं हे ठाऊक होतं.

विल्सनच्या आजारात तांबं यकृतात आणि मेंदूत साठतं. त्याचीही रक्तातली खूण १९५२ मध्ये सापडली, आणि काही वर्षांतच औषध.

गर्भात त्वचा आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात. म्हणूनच आकडी येणाऱ्या बाळाच्या अंगावर डॉक्टर पानाच्या आकाराचे फिकट चट्टे शोधतात. ती ट्युबरस स्क्लेरोसिसची खूण. पार्किन्सनचं निदान मात्र १८१७पासून हाताचा कंप आणि चाल पाहूनच होत आलं. त्या मेंदूंत साचणारं प्रथिन अल्फा-सिन्युक्लिन आहे, हे १९९७ साली कळलं. तेच त्वचेतल्या बारीक मज्जातंतूंतही साचतं. २०२४च्या अमेरिकी अभ्यासात मान, मांडी आणि पायाच्या खालच्या भागातून ३ मिलिमीटरचे तुकडे घेतले. पार्किन्सनच्या जवळपास ९३ टक्के रुग्णांत ते सापडलं, निरोगी माणसांत सुमारे ३ टक्क्यांत. मात्र या प्रथिनाचे आजार एकाहून अधिक आहेत. नेमका कोणता, हे सांगायला अजून डॉक्टरांची नजरच लागते.

अल्झायमरला सर्वांत उशीर लागला. पाठीतलं पाणी किंवा महागडं पेट स्कॅन, एवढेच मार्ग होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेत पहिल्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली: वय किमान ५५ आणि विसरभोळेपणाची लक्षणं असलेल्यांसाठी. ट्युबिंगेनच्या सभेनंतर ११९ वर्षांनी! तालुक्याच्या गावी पेट स्कॅन पोहोचणार नाही, रक्ताची नळी मात्र तिथून शहरात जाऊ शकते. माझा आनंद त्यासाठी आहे. पण तक्रार नसताना निव्वळ धास्तीपोटी ही तपासणी करून घेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

आणि घरातलं वडीलधारं माणूस विसरू लागलं, तर आधी बी-१२ आणि थायरॉइड पाहावं. शाकाहारी घरांत बी-१२ची उणीव पुष्कळ आढळते. तिच्यात पायांना मुंग्या येतात, स्मरण डळमळतं, कधी बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळवंडते. साध्या इंजेक्शनांनी यातलं बरंचसं परतवता येतं, फार उशीर झाला नसेल तर.