जघनभागाचे वॅक्सिंग : पहिल्या भेटीपूर्वी जाणून घेण्याजोगे

लग्नसराई जवळ आली की ब्युटी पार्लरच्या दरपत्रकांत फेशियल, मेहंदी आणि हातापायांच्या वॅक्सिंगबरोबरच 'बिकिनी वॅक्स' किंवा 'ब्राझिलियन वॅक्स' ही नावेही आढळतात. या सेवेविषयी कुतूहल असले, तरी प्रत्यक्षात काय घडते हे विचारण्याचा संकोच अनेक स्त्रियांना वाटतो. मायलेकींमध्येही हा विषय क्वचितच निघतो. त्यामुळे पहिल्या भेटीला जाणारी स्त्री बहुधा अपुऱ्या माहितीवर विसंबून जाते आणि गैरसोय, वेदना किंवा इजा झाल्यास त्याविषयी बोलण्याचेही टाळते.

या सेवेचे दोन प्रमुख प्रकार आहेत. बिकिनी वॅक्समध्ये केवळ जांघेच्या कडेचे केस काढले जातात. ब्राझिलियन वॅक्समध्ये जघनभागातील जवळजवळ सर्व केस काढण्यात येतात. ब्राझीलमधून आलेल्या सात पडिल्हा भगिनींनी १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या सलूनमुळे हा दुसरा प्रकार जगभर प्रसिद्ध झाला. मात्र केस काढण्याची प्रथा त्याहून कितीतरी जुनी आहे. साखर आणि लिंबाच्या रसाचा पाक करून केस काढण्याची रीत पश्चिम आशियात पूर्वापार प्रचलित आहे.

स्वच्छतेचा गैरसमज

ही सेवा घेण्यामागे स्वच्छता हे कारण वारंवार सांगितले जाते. अमेरिकेतील ३,३१६ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जघनभागातील केस कापणाऱ्या किंवा काढणाऱ्या स्त्रियांपैकी ५९ टक्के स्त्रियांनी स्वच्छतेचे कारण दिले होते. वैद्यकशास्त्र मात्र या समजुतीला दुजोरा देत नाही. हे केस घर्षणापासून त्वचेचे रक्षण करतात. पाण्याने नियमित धुतल्यास तो भाग पुरेसा स्वच्छ राहतो.

या समजुतीला रुग्णालयांतील एका जुन्या प्रथेनेही हातभार लावला आहे. प्रसूतीपूर्वी जघनभागाचे केस वस्तऱ्याने सरसकट काढले जात असत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या शिफारशींमध्ये नैसर्गिक प्रसूतीपूर्वी असे सरसकट केस काढू नयेत, असे स्पष्ट केले. शस्त्रक्रियेपूर्वी केस काढणे अपरिहार्य असल्यास वस्तरा न वापरता केवळ क्लिपर वापरावे, असे संघटनेने २०१६ मध्ये सुचविले. वस्तऱ्यामुळे त्वचेवर होणाऱ्या सूक्ष्म जखमांतून जंतूंना शिरकाव करण्यास वाट मिळते. तात्पर्य, वॅक्सिंग ही आवडीची बाब आहे, आरोग्याची गरज नव्हे. विवाह, पती किंवा सासर यांच्या अपेक्षेपोटी ते करून घेण्याचे बंधन कोणत्याही स्त्रीवर नाही.

भेटीपूर्वीची तयारी

केसांची लांबी साधारणतः तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे ५ ते ६ मिलिमीटर असावी. त्याहून आखूड केस मेणाला नीट चिकटत नाहीत आणि फार लांब केस ओढताना वेदना वाढतात. त्यामुळे आधीचे दोन ते तीन आठवडे वस्तरा वापरू नये. मासिक पाळीच्या आधीच्या आणि पाळीच्या दिवसांत अनेक स्त्रियांना वेदना अधिक जाणवतात. ते दिवस टाळणे सोयीचे ठरते. विवाहापूर्वी पहिल्यांदाच वॅक्सिंग करावयाचे असल्यास ते आदल्या दिवशी न करता काही आठवडे आधी करून पाहावे.

काही परिस्थितींत वॅक्सिंग टाळणेच हिताचे असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे औषध घेणाऱ्या व्यक्तींची त्वचा नाजूक झालेली असते. औषध सुरू असताना आणि ते थांबविल्यानंतर किमान सहा महिने वॅक्सिंग करू नये. जघनभागावर नागीण, चामखीळ, पुरळ किंवा जखम असल्यास संसर्ग पसरू शकतो. मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्या किंवा गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. नियंत्रणात नसलेला मधुमेह असलेल्या ऑस्ट्रेलियातील एका तरुणीला ब्राझिलियन वॅक्सनंतर जीवघेणा जंतुसंसर्ग झाल्याची नोंद २००७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. अशा घटना दुर्मिळ आहेत. तरीही आपला आजार ब्युटिशियनपासून लपवू नये, हा धडा त्यातून मिळतो.

प्रत्यक्ष भेटीत काय होते

चांगल्या पार्लरमध्ये प्रथम आजार, औषधे आणि ॲलर्जी यांविषयी विचारणा होते. त्यानंतर दार बंद होणाऱ्या स्वतंत्र खोलीत कमरेखालचे कपडे काढण्यास सांगून चादर किंवा एकदाच वापरावयाची अंतर्वस्त्रे दिली जातात. केस काढावयाचा भाग स्वच्छ आणि कोरडा करून त्यावर पावडर लावली जाते. या नाजूक भागासाठी बहुधा कटोरी वॅक्स वापरतात. ते जाड थरात लावले जाते आणि थंड होऊन घट्ट झाल्यावर कापडी पट्टीविनाच ओढून काढले जाते. मेण केसांच्या वाढीच्या दिशेने लावतात, त्वचा हाताने ताणून धरतात आणि विरुद्ध दिशेने झटक्यात ओढतात. उरलेले केस चिमट्याने काढून शेवटी कोरफडीचा गर किंवा शामक जेल लावतात. आतील ओलसर, नाजूक त्वचेवर मेण कधीही लावू नये.

पहिल्या वेळी अर्धा ते पाऊण तास लागू शकतो. वेदना होतात, हे आधीच गृहीत धरावे. हातापायांच्या वॅक्सिंगपेक्षा त्या तीव्र असतात, परंतु प्रत्येक वेळी क्षणभरच टिकतात. मेण फार गरम वाटल्यास, त्वचेची साल निघाल्यास किंवा वेदना असह्य झाल्यास मध्येच थांबविण्यास सांगता येते. अर्धवट काम राहील या भीतीने भाजणे सहन करण्याचे कारण नाही.

मेण लावण्याचा चमचा एकदा त्वचेला लागल्यावर पुन्हा मेणाच्या भांड्यात बुडविला जात नाही ना, हे आवर्जून पाहावे. तोच चमचा आणि तेच मेण सर्वांसाठी वापरल्यास एकीच्या त्वचेवरील जंतू दुसरीपर्यंत पोहोचू शकतात. हातमोजे घातले आहेत का, चादर बदलली आहे का, मेणाच्या डब्यावर बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम मुदत छापलेली आहे का, हे प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. मेण आधी मनगटावर थोडेसे लावून त्याची उष्णता पाहण्याचा आग्रहही धरता येतो.

खासगीपणा आणि कायदा

ही सेवा स्त्री कर्मचाऱ्यानेच द्यावी, अशी मागणी ग्राहक करू शकते. सोबत मैत्रीण किंवा बहीण आणण्याची मुभा आहे का, हेही आधी विचारून घ्यावे. खोलीत मोबाइल फोन सुरू ठेवण्यास हरकत घ्यावी. स्त्रीच्या खासगी क्षणांचे तिच्या संमतीविना निरीक्षण किंवा चित्रीकरण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ अन्वये गुन्हा आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. पहिल्यांदा दोषी ठरल्यास किमान एक वर्ष ते कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई अन्वयेही खासगी अवयवांचे संमतीविना छायाचित्रण दंडनीय आहे. मदतीसाठी ११२ आणि महिला साहाय्यासाठी १८१ हे क्रमांक उपलब्ध आहेत.

नंतरची काळजी

पहिले एक ते दोन दिवस लालसरपणा, बारीक पुरळ आणि किंचित जळजळ होणे स्वाभाविक आहे. या काळात गरम पाण्याची आंघोळ, घट्ट कपडे, पोहणे, घाम येईल असा व्यायाम आणि शरीरसंबंध टाळावेत. सैल सुती कपडे वापरावेत आणि सुगंधी उत्पादने लावू नयेत. केस तीन ते सहा आठवड्यांत पुन्हा उगवतात. काही केस त्वचेच्या आतच वळतात आणि तेथे गाठ किंवा फोड येतो. तो नखाने फोडू नये. गव्हाळ व सावळ्या त्वचेवर दाह झाल्यास नंतर काळे डाग राहण्याची शक्यता अधिक असते. ते बराच काळ टिकू शकतात.

ताप येणे, पू होणे, फोड उठणे, लाली पसरत जाणे किंवा लघवी करताना तीव्र वेदना होणे ही संसर्गाची किंवा भाजल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे. मोठ्या शहरात त्वचारोगतज्ज्ञ सहज मिळतो, पण सर्वत्र तशी स्थिती नाही. जबलपूर जिल्ह्यातील कुंडम या आदिवासीबहुल तहसीलमधील स्त्रीला विशेष उपचारांसाठी जबलपूर शहर गाठावे लागू शकते. तेथे नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. उपचारांचे ठिकाण लांब असेल, तर पार्लरची निवड अधिक चोखंदळपणे करावी आणि वॅक्सिंगनंतर लगेच दूरच्या प्रवासाचा बेत आखू नये.

केस ठेवणे, कात्रीने आखूड करणे किंवा वॅक्सिंग करून घेणे, या तिन्ही गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने सारख्याच स्वीकारार्ह आहेत. यांपैकी काय करायचे याचा निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे आणि पार्लरच्या खोलीत शिरल्यानंतरही तो बदलण्याचा अधिकार तिला आहे.