कुर्त्यावरचं राजकारण

जबलपुरातल्या मदन महलच्या पोराला आज कुर्ता हवा असेल तर तो बडा फुव्वाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत शिरेलच असं नाही. मोबाइलवर रंग, माप निवडलं की पार्सल दारात येतं. पण याच जबलपुरात एकेकाळी अंगावरचं कापड म्हणजे उघड राजकीय भूमिका होती.

1923 चा झेंडा सत्याग्रह इथूनच सुरू झाला आणि नागपुरात पेटला. 1939 मध्ये शेजारच्या त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याची आठवण असलेला कमानिया गेट आज भर बाजारात उभा आहे. त्या काळच्या कार्यकर्त्याची ओळख खादीच्या सदऱ्यावरूनच पटे.

आता भांडण खादी या नावाच्याच मालकीचं आहे.

हातानं कातलेल्या सुताचं, हातमागावर विणलेलं कापड तेवढी खादी. 2013 च्या नियमांनुसार तिच्यावर ‘खादी मार्क’ लागतो. 2018 मध्ये खादी आयोगानं ‘फॅबइंडिया’ या कपड्यांच्या ब्रँडविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, खादीचं नाव परवानगीविना वापरल्याचा आरोप करत 525 कोटींची भरपाई मागितली. 2021 मध्ये त्याच ब्रँडला ‘जश्न-ए-रिवाज’ या उर्दू नावावरून झालेल्या गदारोळात दिवाळीची जाहिरात मागे घ्यावी लागली. 

दुकानात कापड बोटांनी चाचपता येतं, पडद्यावर नाही. म्हणून ऑनलाइन खादी मागवताना आधी खादी मार्क आहे का ते पाहा, मग सवलत.