हिवाळी हिमालय : कोल्हापुरातून करावयाची पूर्वतयारी

डोंगरवाटांचे पदभ्रमण कोल्हापूरला नवे नाही. 1660 च्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले, त्या पन्हाळा ते पावनखिंड मार्गावर दर पावसाळ्यात तरुणांचे जथे चालतात आणि रांगणा, पारगड, गगनगड या किल्ल्यांवरही वर्षभर वर्दळ असते. याच मंडळींपैकी अनेकांना पुढे हिमालयातील बर्फाची ओढ लागते. मात्र सह्याद्रीत मिळवलेला अनुभव तेथे निम्माच कामी येतो, कारण चढाची सवय आणि दमसास येथे कमावता येत असला, तरी विरळ हवा आणि गोठवणारी थंडी यांची ओळख 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईवर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरावरही, होत नाही. ही उणीव काही अंशी साहित्याने भरून निघते. परंतु उरलेली भरून काढण्यासाठी हाताशी पुरेसे दिवस असावे लागतात आणि बहुतेक बेत नेमके तेथेच तोकडे पडतात.

उदाहरणादाखल उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातील केदारकांठा हे शिखर घेता येईल, कारण हिवाळ्यात प्रथमच हिमालयात जाणाऱ्यांची पसंती बहुधा त्यालाच असते. त्याची उंची सुमारे 3810 मीटर असून पायथ्याचे सांकरी हे गाव साधारण 1950 मीटरवर वसलेले आहे. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे, तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण 21 टक्केच राहते, परंतु हवाच विरळ झाल्याने प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू घटतो. साडेपाचशे मीटरहून थोड्या अधिक उंचीवर असलेल्या कोल्हापुरात एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो, त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भागच केदारकांठ्याच्या माथ्यावर मिळतो. या बदलाशी शरीर हळूहळू जुळवून घेते. श्वासाची गती वाढते, नाडी जलद होते आणि काही दिवसांनी रक्तातील तांबड्या पेशीही वाढू लागतात. या प्रक्रियेला उंचीशी अनुकूलन म्हणतात आणि ती व्यायामाने घडवून आणता येत नाही. धडधाकट पैलवानालाही तिच्यासाठी तेवढाच वेळ द्यावा लागतो.

अनुकूलनापूर्वीच माणूस वर गेला, तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर आणि झोपमोड ही पर्वतीय आजाराची लक्षणे दिसू लागतात. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांत पाणी साठून बसल्या जागी धाप लागते, किंवा मेंदूला सूज येऊन रुग्णाला सरळ रेषेत चालता येत नाही. या दोन्ही अवस्था जीवघेण्या असून त्यांवरचा पहिला उपचार म्हणजे रुग्णाला तत्काळ खाली उतरवणे. त्यामुळे 3000 मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा नियम पर्वतीय वैद्यकात मान्य झाला आहे. केदारकांठ्याच्या प्रचलित कार्यक्रमात पहिला मुक्काम जुडा का तालाब येथे सुमारे 2800 मीटरवर आणि दुसरा सुमारे 3400 मीटरवर असतो, म्हणजे दुसऱ्या रात्रीची उडी या नियमाला किंचित ओलांडते. सांकरीत किंवा जुडा का तालाबजवळ एक जादा दिवस काढला, तर हा धोका बराच कमी होतो. अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध अनुकूलनास मदत करते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी तर बेत आखण्यापूर्वीच तपासणी करून घेणे इष्ट आहे.

दिवसांचा हिशेब कोल्हापूरच्या स्थानकापासून मांडल्यास तो अधिक स्पष्ट होतो. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला जाणारी थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते आणि ती सुमारे दीड दिवस घेते. तेथून देहरादून आणि पुढे पुरोला, मोरी या मार्गाने जवळपास 200 किलोमीटरचा घाटरस्ता पार करून सांकरी गाठावी लागते, म्हणजे जाण्यातच साडेतीन दिवस मोडतात आणि येण्यातही तेवढेच. पदभ्रमणाचे चार दिवस, अनुकूलनाचा एक आणि बर्फवृष्टीमुळे वाट बंद झाल्यास राखून ठेवलेला किमान एक दिवस धरला, तर एकूण तेरा दिवसांखाली हा बेत बसत नाही. परतीचे आरक्षण आधीच झालेले असते आणि रजा मोजकी असते, म्हणून हा राखीव दिवसच बहुधा प्रथम कापला जातो. मग हवा बिघडलेली दिसत असतानाही पुढे जाण्याचा मोह आवरत नाही. हिवाळ्यात चालण्याचे तासही कमी मिळतात, कारण डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापुरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, तर सांकरीच्या अक्षांशावर तो साधारण दहा तासांचा होतो आणि डोंगरांच्या सावलीमुळे प्रत्यक्ष ऊन त्याहूनही कमी वेळ मिळते.

थंडीचे गणितही आधी समजून घ्यावे लागते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे सांकरी आणि शिखर यांत साधारण बारा अंशांचे अंतर पडते. रात्री तंबूबाहेरचे तापमान शून्याखाली दहा अंशांवर गेले आणि ताशी 30 किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर उघड्या त्वचेला ती थंडी शून्याखाली वीस अंशांइतकी बोचते. अशा वेळी एकच जाड कोट घालण्यापेक्षा तीन थर घालणे हितकारक असते : अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा, त्यावर लोकर किंवा फ्लीसचा ऊब धरून ठेवणारा आणि सर्वांत वर वारा व बर्फ अडवणारा. सुती कपडे मात्र पूर्णपणे टाळावेत, कारण ओला सुती कपडा अंगातील उष्णता झपाट्याने खेचून घेतो. याउलट लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, आणि भर पावसात मेंढरांमागे फिरणारा धनगर घोंगडी का सोडत नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. बूट अर्ध्या मापाने मोठे असावेत, म्हणजे जाड मोज्यांमुळे रक्तप्रवाह आवळला जाऊन हिमदंशाला, अर्थात बोटांच्या ऊती गोठण्याला, निमित्त मिळणार नाही. ताजा बर्फ सूर्याची बहुतांश अतिनील किरणे परावर्तित करतो, म्हणून काळा चष्मा ही तेथे चैन नसून डोळ्यांची गरज असते.

अन्न आणि इंधन यांचेही नियम उंचीवर बदलतात. 3800 मीटरवर पाणी सुमारे 87 अंशांनाच उकळत असल्याने डाळ-भात शिजायला बराच अधिक वेळ आणि अधिक इंधन लागते. छोट्या शेगडीच्या डब्यांत केवळ ब्युटेन वायू असेल, तर तो शून्याच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो आणि शेगडी पेटत नाही. म्हणून प्रोपेनमिश्रित डबे किंवा रॉकेलची शेगडी बाळगावी लागते. बंद तंबूत कोणतीही शेगडी पेटवणे मात्र प्राणघातक ठरते, कारण तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. उंचीवर भूक मंदावते आणि तहान जाणवत नाही. त्यामुळे गूळ, शेंगदाण्याचे लाडू, सुकामेवा असे थोडक्यात बळ देणारे पदार्थ खिशात ठेवावेत आणि कोमट पाणी ठरवून पीत राहावे.

शरीराची तयारी मात्र घरच्या डोंगरांवरच होते. किमान तीन महिने आधीपासून आठवड्यातून चार-पाच दिवस चालणे किंवा धावणे, सुट्टीच्या दिवशी पाठीवर आठ-दहा किलोंचे ओझे घेऊन जोतिबा किंवा पन्हाळा चढणे आणि महिन्यातून एकदा सलग दोन दिवसांची लांब चाल करणे, एवढा क्रम पुरेसा होतो. चढाइतकाच उताराचा सरावही आवश्यक असतो, कारण बर्फावरील घसरण आणि गुडघ्यांच्या दुखापती बहुधा परतीच्या वाटेवर, दमलेल्या पायांनी उतरताना होतात. बर्फावरील चालणे शास्त्रशुद्ध शिकावयाचे असल्यास उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्थेत, जी 1965 मध्ये स्थापन झाली, प्राथमिक अभ्यासक्रमाची सोय आहे.

हिमालयातील हिवाळी बर्फ प्रामुख्याने भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. त्यांची चाहूल काही दिवस आधी लागत असल्याने भारतीय हवामान विभागाचा अंदाज निघण्यापूर्वी आणि पायथ्याशी पोहोचल्यावर असा दोनदा पाहावा. मोठ्या बर्फवृष्टीनंतरच्या एक-दोन दिवसांत, विशेषतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. त्या काळात तळावर थांबून राहणे हाच शहाणपणा ठरतो. मात्र हवामान केवळ हिवाळ्यातच उलटते असेही नाही. 2024 च्या जूनमध्ये, म्हणजे ऐन उन्हाळी हंगामात, उत्तराखंडच्या सहस्रताल मार्गावर बर्फाळ वादळात सापडून कर्नाटकातील नऊ पदभ्रमणकर्त्यांचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात ही स्थिती होऊ शकते, तर हिवाळ्यातील दक्षता किती अधिक असावी, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आयोजक निवडताना शुल्काच्या आधी काही प्रश्न विचारावेत : वाटाड्या स्थानिक आणि प्रशिक्षित आहे काय, प्राणवायूचे नळकांडे व स्ट्रेचर सोबत असते काय, जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे, आणि एखाद्याला खाली आणावे लागल्यास त्याच्यासोबत कोण उतरणार. विम्याची कागदपत्रेही नीट वाचावीत, कारण साध्या आरोग्य विम्यातून साहसी उपक्रम अनेकदा वगळलेले असतात. परत फिरण्याची वेळ मात्र गटाने निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावी आणि शिखर हाकेच्या अंतरावर असले तरी ती पाळावी. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकर यांना 2021 मध्ये खराब हवामानामुळे एव्हरेस्टच्या शिखराआधीच मागे यावे लागले आणि पुढच्याच वर्षी, मे 2022 मध्ये, त्यांनी ते शिखर गाठले. व्यावसायिक तयारीच्या गिर्यारोहकालाही जेथे माघार घ्यावी लागते, तेथे हौशी पदभ्रमणकर्त्याने तिचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. म्हणून येत्या हिवाळ्याचा बेत आखणाऱ्यांनी परतीचे तिकीट काढतानाच दोन दिवस जादा धरावेत, आणि तेवढी रजा मिळत नसेल, तर बेत पुढच्या वर्षावर ढकलावा.