आमवात आणि दर महिन्याची तपासणी

सकाळी बोटे आखडतात. मूठ वळत नाही. मनगटे सुजतात. आपण म्हणतो, "वयाचं दुखणं, चालायचंच!" पण हा आमवात असू शकतो. तो तरुणांनाही होतो. अंगावर काढला तर सांधे कायमचे वाकडे होतात.

मग इलाज कसा करावा? स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरी डॉक्टरांनी याचा पडताळा घेतला. तो २००४ साली छापून आला. त्यांनी रोग्यांचे दोन गट केले. दर गटात ५५ जण. पहिला गट नेहमीप्रमाणे तीन-तीन महिन्यांनी तपासला. दुसरा दर महिन्याला. दुखरे किती, सुजलेले किती, असे सांधे मोजले. रक्त तपासले. सूज उरली, की औषध वाढवले. औषधे दोन्हीकडे एकाच प्रकारची होती. दीड वर्षाने पाहिले, तर पहिल्या गटात ९ जणांचा रोग शांत झाला होता. दुसऱ्या गटात ३६ जणांचा!

आम्ही शाळेत दर महिन्याला चाचणी घेत असू. मूल कुठे कच्चे आहे, ते वेळीच कळे. इथेही तसेच आहे. म्हणून बोटे आखडू लागली, की लगेच डॉक्टरांकडे जा. सांधे मोजून घ्या. जरा बरं वाटलं, म्हणून तपासणी चुकवू नका.